लांबची वाट आणि थोडका वेळ

आमच्या शेजारी राहणाऱ्या एक वृद्ध आजी, ज्यांनी अंबड तालुक्यातील आपल्या मोसंबीच्या बागेचा जमाखर्च जवळजवळ चाळीस वर्षे स्वतःच्या हाताने वहीत मांडला, गेल्या उन्हाळ्यात एके सायंकाळी दोन छापील तिकिटे घेऊन माझ्याकडे आल्या. ती तिकिटे त्यांच्या नातवाची होती. जाताना तो दिल्लीहून पहाटे ३ वाजता निघाला आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को येथे त्याच तारखेस पहाटे साडेपाच वाजता उतरला. परतताना मात्र तेथून सकाळी साडेआठ वाजता निघालेला मुलगा दिल्लीस पोहोचला तो दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता. “गुरुजी, जाताना अडीच तास अन् येताना साडेअठ्ठावीस, वाट तर तीच ना?” असा त्यांचा सरळ प्रश्न होता, आणि ज्या बाईने आडत्याच्या पट्टीतील एका रुपयाची तफावत कधी सोडली नाही तिने ही सव्वीस तासांची तफावत सोडून द्यावी अशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

त्यांच्या या प्रश्नाचा अर्धा भाग घड्याळाचा आहे आणि तो पुढे यथावकाश उलगडेल, परंतु “वाट तर तीच ना?” या त्यांच्या शेवटच्या चार शब्दांत जे गृहीत धरलेले आहे, ते अधिक विचार करण्यासारखे आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे भूपृष्ठावरील कमीत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये या दोन शहरांदरम्यान विनाथांबा विमान सुरू केले ते युरोप व अटलांटिक महासागर यांवरून, म्हणजे सुमारे १३,९०० किलोमीटरांच्या वाटेने. आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ती वाट बदलून विमान उलट्या दिशेने, पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेण्यास आरंभ केला, तेव्हा अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले आणि प्रवासाचा वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. सर्वांत जवळच्या वाटेने विमान गेलेच नाही, मधल्या वाटेने गेले तेव्हा उशिरा पोहोचले, आणि सर्वांत लांबच्या वाटेने सर्वांत लवकर पोहोचले. हा प्रकार समजून घ्यावयाचा तर प्रथम “अंतर” म्हणजे काय तेच नीट पाहावे लागते.

मोसंबी आणि दोरा

जिल्हा परिषदेच्या शाळेत भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन ठिकाणी टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणला, तर तो दोरा मुंबईहून जवळजवळ थेट पश्चिमेस निघतो, अरबस्तान ओलांडतो, आफ्रिकेच्या उत्तर भागावरून अटलांटिकवर जातो आणि किंचित उत्तरेस चढत न्यूयॉर्कला पोहोचतो. हीच सरळ रेषा असल्यामुळे हीच जवळची वाट, असे आपल्या डोळ्यांना वाटते. परंतु नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे, आणि गोल वस्तूची साल सपाट पसरावयाची तर ती कोठे तरी ताणावी किंवा फाडावी लागते. मर्केटर या भूगोलकाराने १५६९ मध्ये नाविकांच्या सोयीसाठी जो नकाशा केला आणि ज्याच्या धर्तीवरील नकाशे आजही असंख्य भिंतींवर आढळतात, त्यात उत्तर व दक्षिण ध्रुवांकडील प्रदेश असे ताणलेले आहेत की ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचे दिसू लागते. दिशा बिनचूक दाखविण्याकरिता त्याने अंतरांचा बळी दिला. आणि समुद्रात होकायंत्राच्या आधाराने गलबत हाकणाऱ्यास दिशाच हवी असल्यामुळे त्यात त्याने काही चूक केली असे म्हणता येणार नाही.

खरी जवळची वाट पाहावयाची असेल तर जालन्याच्या बाजारातून एक मोसंबी आणावी. (या फळास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा या कामी त्याचा मान करणे आम्हा जालनेकरांस अनुचित नाही.) त्यावर मुंबईच्या व न्यूयॉर्कच्या जागी शाईचे दोन ठिपके द्यावेत, एका ठिपक्यावर दोरा अंगठ्याने दाबून धरावा आणि दुसऱ्या ठिपक्यावरून तो ताणत आणावा, आपण कोठेही सरकविला नाही तरी दोरा स्वतःच देठाच्या बाजूस, म्हणजे उत्तरेस, सरकून स्थिर होतो. तीच कमीत कमी लांबीची वाट. दोरा तसाच पुढे चालवून फळाभोवती पूर्ण फिरविला तर मोसंबीचे बरोबर दोन अर्धे भाग होतील असे वर्तुळ मिळते, आणि म्हणूनच भूगोलाच्या ग्रंथांत त्यास “बृहद्वृत्त” असे नाव आहे. मुंबई ते न्यूयॉर्क हे बृहद्वृत्त पश्चिमेस न जाता मुंबईहून जवळजवळ उत्तरेचीच दिशा धरते, मध्य आशिया व रशिया ओलांडून नॉर्वे आणि आइसलंड यांच्यामधील समुद्रावर साधारण ६५ अंश अक्षांशापर्यंत चढते आणि मग खाली उतरत न्यूयॉर्कला येते. या वाटेची लांबी सुमारे १२,५५० किलोमीटर. नकाशावरील त्या “सरळ” रेषेची लांबी हिशेब केला असता सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. डोळ्याला सरळ दिसणाऱ्या वाटेने गेल्यास सोळाशे किलोमीटरांचा, म्हणजे जालन्याहून मुंबईस जाऊन येऊन पुन्हा जाऊन येण्याइतका, वळसा पडतो.

पृथ्वी ही मोसंबीप्रमाणेच पुरती गोल नाही हेही येथे सांगितले पाहिजे. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवांपाशी ६,३५७ किलोमीटर आहे. हा एकवीस किलोमीटरांचा चपटेपणा काटेकोर मोजण्याकरिता ज्यांनी आयुष्ये वेचली, त्यांपैकी विल्यम लँबटन हा हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पहिला प्रमुख १८२३ मध्ये आपल्याच विदर्भातील हिंगणघाट येथे काम चालू असतानाच मरण पावला आणि त्याची कबर तेथे आहे. मोजणीदार म्हटला की आपल्याला गावच्या बांधावरील साखळी आठवते. परंतु आज कोणत्याही दोन विमानतळांमधील अंतर जे बसल्या जागी सांगता येते, त्याच्या मुळाशी अशा मोजणीदारांनी उन्हातान्हात ओढलेल्या साखळ्याच आहेत.

पृथ्वी फिरते, मग विमानाने थांबून का राहू नये?

अंतराचा उलगडा झाला की बहुतेक विचारी श्रोते पुढचा जो प्रश्न विचारतात तो असा: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पश्चिमेस जाणाऱ्या विमानापुढे मुक्कामाचे गाव आपण होऊन चालत यावे आणि पूर्वेस जाणाऱ्या विमानापासून ते दूर पळावे, नव्हे का? मग पूर्वेची वाट लवकर सरते हे उलटेच नाही का? या शंकेत वरकरणी मोठे बळ आहे. जालन्याच्या अक्षांशावर भूपृष्ठ ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असते. तेव्हा एखादे हेलिकॉप्टर जालन्यावर उंच चढून स्तब्ध राहिले तर अवघ्या बारा मिनिटांत मुंबई त्याच्या खाली येऊन ठेपावी! असे कधी घडत नाही, हे तर आपण सर्वच जाणतो. परंतु का घडत नाही, हे समजण्यासाठी आगगाडीत बसले पाहिजे.

३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईस जी वंदे भारत गाडी सुरू झाली, तिच्या डब्यात गाडी पूर्ण वेगात असताना एखाद्या मुलाने जागच्या जागी उडी मारली, तर ते मागच्या भिंतीवर जाऊन आदळत नाही. जेथून उडाले तेथेच उतरते. कारण पाय जमिनीवरून सुटले तरी गाडीने त्याच्या अंगी घातलेला वेग सुटत नाही. आणि डब्यातील हवाही डब्याबरोबरच धावत असल्यामुळे तिचा अटकाव त्याला होत नाही. पृथ्वी हा असाच एक प्रचंड डबा आहे, फरक इतकाच की त्याच्या भिंती नसून गुरुत्वाकर्षणाने हवेचे आवरण त्याला बांधून ठेवलेले आहे. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उभे असलेले विमान उभ्याउभ्याच पूर्वेकडे ताशी दीड हजारांहून अधिक किलोमीटर धावत असते, आणि उडाल्यावर तो वेग त्याच्याबरोबरच राहतो. पृथ्वीचे फिरणे विमानास थेट मदतही करीत नाही व अडथळाही करीत नाही. मात्र आडमार्गाने, वाऱ्याच्या मध्यस्थीने, ते प्रवासाच्या वेळेवर फार मोठा परिणाम करते.

दहा किलोमीटर उंचीवरील नदी

अंबड तालुक्यात शहागड येथे गोदावरीच्या पात्रातून नाव नेणाऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही: वल्ह्याला लावलेले बळ तेच असले तरी प्रवाहाबरोबर जाताना काठावरची झाडे भराभर मागे पडतात आणि प्रवाहाविरुद्ध येताना तीच झाडे हलता हलत नाहीत. नावेचा वेग पाण्यात मोजला जातो, प्रवासाचा वेळ मात्र काठावर. विमानाचेही तसेच आहे. मोठे प्रवासी विमान हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते, आणि हा वेग दिशा कोणतीही असली तरी फारसा बदलत नाही. परंतु ज्या हवेत ते जाते, ती हवाच वाहत असते.

ती का वाहते? विषुववृत्ताकडील मुलखात सूर्य माथ्यावर असल्यामुळे हवा तापून फुगते आणि तिचा थर उंच होतो. ध्रुवाकडे ती थंड, जड व आखूड थराची असते. परिणामी वरच्या स्तरांत दक्षिणेकडून उत्तरेकडे, (दक्षिण गोलार्धात याच्या उलट), हवेला जणू एक उतार मिळतो आणि ती ध्रुवाच्या दिशेने लोटली जाते. येथे पृथ्वीचे फिरणे आपला हात घालते. फिरणाऱ्या जात्याकडे पाहिले असता खुंट्याजवळचा, म्हणजे कडेचा, दगड मोठा फेरा घेतो आणि मधल्या खिळीजवळचा दगड तेवढ्याच वेळात लहानसा फेरा घेतो. पृथ्वीवरही विषुववृत्तापाशी भूपृष्ठाचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर, ६० अंशांवर त्याच्या निम्मा, आणि ध्रुवावर शून्य. धावत्या एस.टी.तून उतरणारा मनुष्य जमिनीवर पाय टेकताच गाडीच्या दिशेने चार पावले पुढे धावतो, त्याचप्रमाणे वेगवान मुलखातून मंद मुलखात आलेली हवा आपल्याजवळची वेगाची जुनी शिल्लक घेऊन येते आणि खालच्या जमिनीच्या मानाने पूर्वेकडे पुढे निघते. अशा रीतीने, साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या, शेकडो किलोमीटर रुंद आणि त्या मानाने अगदी उथळ अशा नागमोडी वायुनद्या तयार होतात. त्यांस जेट प्रवाह म्हणतात. मोठी विमाने नेमक्या याच उंचीवरून जातात.

या नद्यांचा शोध कसा लागला तो इतिहास मला नेहमी हुरहूर लावतो. जपानच्या तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी या शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या काही वर्षांत फुगे सोडून उंचावरील प्रचंड वेगाचा पश्चिमी वारा मोजला, आणि आपले निष्कर्ष साऱ्या जगाने वाचावेत या सदिच्छेने १९२६ मध्ये ते एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेत प्रसिद्ध केले. जगाने ते वाचले नाहीत. पुढे १९४४ मध्ये जपानवर उंचावरून चालून गेलेल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना जेव्हा त्या वाऱ्याने अक्षरशः ढकलून दिले, तेव्हा वैमानिकांना त्याचा साक्षात्कार झाला. जे ज्ञान अठरा वर्षे छापून तयार होते, ते अखेर युद्धात जीव धोक्यात घालून नव्याने मिळवावे लागले.

या प्रवाहाचे सामर्थ्य किती असते याचा दाखला म्हणून फेब्रुवारी २०२० मधील एक प्रवास सांगण्यासारखा आहे. वादळामुळे अटलांटिकवरील वारा विलक्षण बळावला असताना न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले. एरवी या प्रवासास साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या मानाने त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरांच्या वर गेला होता. ध्वनीचा वेग त्याने ओलांडला असे मात्र म्हणता येत नाही, कारण ध्वनीचा वेग हवेत मोजावयाचा असतो आणि हवेतील त्याची गती नेहमीचीच होती. नावाड्याने वल्हे काही जोरात मारले नव्हते, गोदावरीला पूर आला होता.

आता त्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोच्या कोड्याकडे वळू. अटलांटिकच्या वाटेने १३,९०० किलोमीटर जाण्यास साधारण साडेसोळा तास लागत, म्हणजे सरासरी ताशी ८४० किलोमीटर. पॅसिफिकच्या वाटेने १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत, म्हणजे ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. यंत्र तेच, वैमानिक तसेच. ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक असलेली ही तफावत वाऱ्याची आहे. आणि परतताना विमानाने सॅन फ्रान्सिस्कोहून पश्चिमेस न वळता पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिक व युरोप यांवरून येण्याचे ठरविले, तर दोन्ही वेळा वारा पाठीशी राहतो आणि जाऊन येण्यात विमानाची अखंड पृथ्वीप्रदक्षिणा घडते.

चौकट: वारा घेतो तितके परत देतो का?

समजा, अंतर १२,००० किलोमीटर आहे, विमानाचा वेग ताशी ९०० आहे आणि वारा ताशी १०० किलोमीटरांचा आहे.

वारा मुळीच नसता तर: जाण्यास १३ तास २० मिनिटे, येण्यास तितकीच, एकूण २६ तास ४० मिनिटे.

वारा असता: पाठीशी घेऊन १,००० च्या वेगाने १२ तास; तोंडावर घेऊन ८०० च्या वेगाने १५ तास; एकूण २७ तास.

म्हणजे जाता-येता एकाच वाटेने वाऱ्याचा हिशेब फिटत नाही. २० मिनिटे अंगावर पडतात. कारण असे की, अनुकूल वाऱ्यात आपण १२ च तास राहतो आणि प्रतिकूल वाऱ्यात १५ तास. लाभाचा काळ आखूड आणि तोट्याचा काळ लांब. सायकलीवरून वाऱ्याच्या दिवशी जाऊन येणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलेले असते.

मृगाच्या ढगांवरचा उलटा वारा

जेट प्रवाह वर्षभर एका जागी राहत नाही, आणि या बाबतीत आपल्या मुलखाची गोष्ट सर्वांत निराळी आहे. हिवाळ्यात उष्ण व शीत प्रदेशांमधील तापमानाचा फरक वाढतो, प्रवाह बळावतो आणि त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेकडून, उत्तर हिंदुस्थानच्या माथ्यावरून वाहू लागते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानास आरंभापासूनच वाऱ्याशी झगडावे लागते. जून महिन्यात तिबेटचे पठार तापले की ती शाखा हिमालय ओलांडून उत्तरेस निघून जाते, आणि दक्षिण हिंदुस्थानवर बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर तिच्या नेमका उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह प्रस्थापित होतो. आपलेच हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० नंतरच्या दशकात या पूर्वेकडून येणाऱ्या प्रवाहाचा मूलभूत अभ्यास केला. मृग नक्षत्रात भोकरदनच्या किंवा परतूरच्या शेतात उभा असलेला शेतकरी नैऋत्येकडून येणारे ढग पाहत असतो, तेव्हा त्या ढगांच्याही वर वारा उलट दिशेने धावत असतो. विमानाचा वेळ घटविणारा-वाढविणारा आणि पेरणीचा मुहूर्त ठरविणारा असा हा एकच विराट कारभार आहे, ही गोष्ट मला या सगळ्या विषयातील सर्वांत मोलाची वाटते.

कडब्याची गाडी

लांबच्या वाटेने जाण्यास वारा अनुकूल असला तरी इंधन पुरले पाहिजे. पूर्वी बैलगाडीने चार मुक्कामांच्या वाटेवर निघणारा शेतकरी बैलांचा कडबा गाडीतच घेई. वाट दुप्पट झाली की कडबाही दुप्पट, आणि त्या वाढलेल्या कडब्याचे ओझे ओढण्याकरिता बैलांना आणखी कडबा. विमानाची अडचण हीच आहे. मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा विमान १ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाले ते ज्या बोइंग ७७७-२०० एलआर जातीच्या विमानांनी, त्यांच्या टाक्यांत सुमारे १,८०,००० लिटर इंधन मावते, आणि काठोकाठ भरलेल्या अशा विमानाच्या एकूण वजनाच्या पाच भागांपैकी दोन भागांहून अधिक वजन केवळ इंधनाचे असते. म्हणूनच पूर्वी थांबे घेणे अपरिहार्य होते: ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे “मलबार प्रिन्सेस” हे विमान मुंबईहून लंडनला प्रथम निघाले ते कैरो व जिनिव्हा येथे उतरत उतरत. आज सिंगापूरहून न्यूयॉर्कला १५,३०० किलोमीटरांहून अधिक अंतर विमान न थांबता सुमारे साडेअठरा तासांत तोडते, आणि प्रवासी विमानांच्या नियमित फेऱ्यांत ही लांबी सध्या अग्रभागी आहे.

परक्यांचे आकाश

भूमितीने आखलेल्या आणि वाऱ्याने सुचविलेल्या वाटेवर शेवटचा शिक्का असतो तो सरहद्दींचा. प्रत्येक राष्ट्र आपल्या भूमीवरील आकाशाचे मालक असते आणि त्यातून जाण्याची मुभा देणे, त्याबद्दल शुल्क घेणे किंवा ती मुभा काढून घेणे हा त्याचा अधिकार मानलेला आहे. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांना प्रथम नैऋत्येस अरबी समुद्राकडे वळून मग पश्चिम धरावी लागली, आणि अमेरिकेकडील काही विमानांना तर इंधनाकरिता व्हिएन्ना येथे उतरण्याची पाळी आली. अंतर बदलले नव्हते. दिल्ली व अमेरिका आपल्या जागीच होत्या. बदलली होती ती मुभा.

काही वाटा तर निसर्गानेच बंद ठेवल्या आहेत. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही १२,४०० किलोमीटरांची कमीत कमी लांबीची वाट हिमालय व तिबेट यांवरून उत्तरेस आर्क्टिक महासागराकडे जाते. विमानातील हवेचा दाब अकस्मात गेला, तर वैमानिकास श्वास घेण्याजोग्या हवेत, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत, त्वरेने खाली यावे लागते. आणि तिबेटची भूमीच साडेचार किलोमीटर उंचीवर असल्यामुळे तेथे खाली यावयास जागा नाही. यास्तव त्या मुलखावरून जाण्याचे विमाने शक्यतो टाळतात.

आजींच्या वहीतील तफावत

आता राहिले घड्याळ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास चार मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर ठरविलेली आहे आणि जालना ७५.९ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे जालन्यात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने घड्याळात बारा वाजून सव्वीस मिनिटांनी. गावोगावचा सूर्य निराळा, म्हणून पूर्वी गावोगावची घड्याळेही निराळी असत. प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली तरी मुंबई शहराने आपली निराळी “बॉम्बे टाइम” १९५५ पर्यंत सोडली नव्हती. जी गोष्ट मुंबई आणि मिर्झापूर यांची, तीच दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांची, फक्त मोठ्या प्रमाणात: उन्हाळ्यात ते शहर आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेतेरा.

आजींच्या नातवाचे विमान पहाटे ३ ला निघाले आणि पंधरा तास उडाले, तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे ६ वाजले होते. त्यातून साडेबारा तास वजा केले की तेथील पहाटेचे साडेपाच. परतताना तो तेथील साडेआठला निघाला, तेव्हा येथे रात्रीचे ९ वाजले होते. सोळा तासांनी दुसऱ्या दिवशीचा दुपारचा १ वाजला. म्हणजे जाण्यास १५ तास आणि येण्यास १६ तास हीच खरी नोंद. साडेबारा तास एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात टाकले गेल्यामुळे सव्वीस तासांची तफावत दिसत होती, आणि त्यातले पंचवीस तास घड्याळाचे असून उरलेला एकच तास वारा आणि वाट यांचा होता. मी हे कागदावर मांडून दाखविले तेव्हा आजींनी आकडे दोनदा तपासले, पंचवीस आणि एक यांची बेरीज स्वतः केली आणि मगच तिकिटे परत पिशवीत ठेवली.

ज्या वाचकांची मुले-नातवंडे समुद्रापार आहेत आणि ज्यांना उतारवयात त्यांच्याकडे जावयाचे आहे, त्यांस या हिशेबावरून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तिकिटावरील निघण्या-पोहोचण्याच्या वेळांची वजाबाकी करू नये. प्रवासाचा कालावधी तेथे निराळा छापलेला असतो तो पाहावा, कारण औषधांच्या वेळा त्याप्रमाणेच धरावयाच्या असतात. आणि हिवाळ्यात पश्चिमेकडे विमानाने जाऊन वाटेत दुसरे विमान पकडावयाचे असेल, तर समोरचा वारा लक्षात घेऊन दोन विमानांमध्ये निदान तीन-चार तासांचे अंतर राहील असेच तिकीट काढावे.